‘हो’च्या चौकोनातली खूण

सोव्हिएत युनियन संपलं, असं सगळं जग धरून चाललं आहे. जगाचं काय, कुणी सांगितलं की ते धरून चालतं. इकडे ॲन आर्बरमध्ये, माझ्या मामेसासऱ्यांच्या तीन बेडरूमच्या घरात, सोव्हिएत युनियन अजून व्यवस्थित चालू आहे. आणि मी जे ऐकून आहे त्यावरून, मूळच्यापेक्षा पुष्कळच बरं चालू आहे. तिथं साबण संपत नाही. मीठ, साखर, काड्यापेट्या, शिवणाच्या सुया, बुटांच्या नाड्या यांचा तळघरात एवढा साठा आहे की उद्या मिशिगनला कुणी वेढा घातला तर आमच्या गल्लीचे दोन हिवाळे आरामात निघतील. एका खोक्यात नुसते गेलेले बल्ब आहेत. हे कशाला, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. गेलेला बल्ब जवळ असला की तो ऑफिसातल्या चांगल्या बल्बच्या जागी बसवता येतो आणि चांगला घरी आणता येतो, एवढी साधी गोष्ट पुण्यासारख्या शहरात वाढलेल्या माणसाला ठाऊक नसावी याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पण मामा, तुम्ही तर रिटायर झालात, आता ऑफिस कुठं आहे, असं मी म्हटलं. “म्हणून तर इतके साठलेत,” मामा म्हणाले.

मामा मूळचे नागपूरचे. अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून धातुशास्त्र शिकायला व्होल्गाकाठच्या एका सोव्हिएत शहरात गेले, सहा वर्षं राहिले, आणि पुढं मिशिगनला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत येऊन इथलेच झाले. त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. सहा वर्षांनी पस्तीस वर्षांवर अशी मात केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. इथलेच झाले असं म्हणतो खरा, पण कागदोपत्री नाही. मामा ग्रीन कार्डावरच राहिले. नागरिकत्वाचा अर्ज त्यांनी कधी भरला नाही. मामी होत्या तोवर त्या दर दोन-तीन वर्षांनी तो अर्ज आणून टेबलावर ठेवत, मामा तो चहाबरोबर शेवटपर्यंत वाचत आणि घडी घालून कपाटात ठेवून देत. मामी गेल्या, अर्ज यायचे थांबले. मग गेल्या वर्षी माझ्या सासूबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, नागपुरात घरातच पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्या एकट्या राहतात आणि अमेरिकेत यायला साफ नकार देतात. मामांच्या मनात आलं की जाऊन त्यांच्याजवळ राहावं, वर्षभर, लागलं तर दोन वर्षं. पण ग्रीन कार्डावर इतके दिवस बाहेर राहिलं तर परत येताना दारातच अडवतील ही भीती. आणि मुलगी अन् नात तर इथं, नेपरव्हिलला. या पेचातून निघायचा रस्ता एकच होता, तो अर्ज. माझ्या बायकोनं, मेधानं, ते काम माझ्या गळ्यात घातलं. मामा दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, असं तिचं म्हणणं. ऐकत ते माझंही नाहीत, पण मी न चिडता समोर बसून राहतो, एवढाच फरक.

न चिडता बसणं ही किती मोठी गोष्ट आहे हे कळायला मामांबरोबर बाहेर पडलं पाहिजे. मामांना रांग दिसली की ते उभे राहतात. आधी उभं राहायचं आणि मग कशाची आहे ते विचारायचं, कारण विचारण्यात वेळ गेला तर तेवढ्यात चार माणसं पुढं लागतात. त्यासाठी कोटाच्या खिशात मुठीत मावेल अशी एक जाळीची पिशवी कायम असते. काय हाती लागेल ते सांगता येत नाही. एकदा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीबाहेर त्यांना मुलांची लांबलचक रांग दिसली. मामा पिशवी उलगडून उभे. पाऊण तासानं नंबर लागला तेव्हा कळलं की परीक्षेच्या दिवसांत मुलांचा ताण हलका व्हावा म्हणून कुत्री आणली होती, आणि प्रत्येकाला पाच मिनिटं कुत्र्याला कुरवाळायला मिळत होतं. दुसरा कुणी ओशाळून निघून आला असता. मामांनी आपली पाच मिनिटं पूर्ण घेतली, आणि घरी आल्यावर मला फोन करून कुत्रा स्वभावानं फार चांगला होता असं सांगितलं.

गाडी उभी केली की मामा तिचे वायपर काढून घेतात. तिकडे वायपर मिळत नसत, म्हणून चोरीला जात, म्हणून सगळेच ते काढून बरोबर नेत. इथं वायपर कुणी चोरत नाही हे मी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. सगळे काढून नेत असतील तर चोरणार तरी कुठून, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मामा, इथं कुणीच काढत नाही. तर म्हणाले, मग आपले कसे राहिले बघा, काढून घेतो म्हणूनच ना. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते नमस्काराला वाकले आणि जॅकेटातून दोन वायपर निघून थेट प्रसादाच्या ताटात पडले. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी ते न बोलता उचलून बाजूला ठेवले. गुरुजी एरवी एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात, कुठूनही काहीही येऊन पडण्याची त्यांना सवय आहे.

या मंडळाचं बातमीपत्र मामा जितक्या बारकाईनं पाहतात तितकं ते काढणारेही पाहत नसतील. मजकूर मात्र वाचत नाहीत. छापलेलं असतं ते लोकांनी वाचावं म्हणून छापलेलं असतं, त्यात कळण्यासारखं काय असणार, असं त्यांचं मत आहे. ते फोटो बघतात. तिकडे मोठ्या संचलनाच्या दिवशी नेतेमंडळी उंच चौथऱ्यावर ओळीनं उभी राहत, आणि कोण कुणाच्या किती जवळ उभा आहे यावरून लोक पुढचं वर्ष कसं जाणार ते ताडत. दोन वर्षांपूर्वी आरतीच्या फोटोत आमचे सेक्रेटरी नेहमीसारखे अध्यक्षांच्या खांद्याशी नव्हते. खांबाच्या मागून त्यांचं अर्धं कपाळ तेवढं दिसत होतं. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि “हे गेले” असं जाहीर केलं. आम्ही हसलो. दिवाळीच्या आत सेक्रेटरींनी वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा दिला. तेव्हापासून मंडळात ग्रुप फोटो निघायचा असला की मंडळी आधी मामा कुठं उभे आहेत ते बघतात.

महत्त्वाचं बोलणं मामा मिक्सर लावून करतात. तिकडे नळ सोडून करत, कारण भिंतीत कुणी काय बसवलं असेल याचा भरवसा नसे. इथं पाण्याचं बिल येतं म्हणून मिक्सर. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, रिकामा मिक्सर सुरू केला आणि माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं की मुलगी मनापासून पसंत आहे, की कुणाच्या दबावाखाली हो म्हणताय. मी ओरडून सांगितलं, मनापासून पसंत आहे. बाहेर दिवाणखान्यात टाळ्या पडल्या. रेडिओवर सकाळी गंभीर वाद्यसंगीत लागलं तरी मामांचा फोन येतो, कोण गेलं म्हणून. त्यांच्या तिथल्या शेवटच्या वर्षांत देशाचे म्हातारे प्रमुख एकामागून एक गेले, आणि प्रत्येक वेळी बातमी सांगायच्या आधी असंच संगीत लावून ठेवलेलं असे. शेजारपाजारचे लोक मग जिन्यात उभे राहून हळू आवाजात अंदाज बांधत.

हे सगळं ऐकताना मी पोट धरून हसत आलो आहे, आणि मामांनाही मी हसलेलं आवडतं. पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात येत गेली. तिकडे कुणी कशावर विश्वास ठेवत नसे, तरी सगळे सगळ्याला हो म्हणत. सभेत ठरावाच्या बाजूनं हात वर करायचा आणि तो वर असतानाच शेजारणीला कोपऱ्यावरच्या दुकानात कांदे आलेत का ते विचारायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपण एका हातानं काय करतो आहोत याचा बाकीच्या अंगाशी काही संबंध नाही, असं एकदा ठरलं की माणूस मजेत जगू शकतो, असं मामा म्हणत. म्हणताना हसत नसत, हे मात्र मला उशिरा कळलं.

अर्जाच्या आधी आम्ही परीक्षेची तयारी केली. नागरिकत्वासाठी इतिहास-नागरिकशास्त्राचे तोंडी प्रश्न असतात. मामांना घटना, दुरुस्त्या, नद्या, सगळं दोन दिवसांत पाठ. अडले ते एकाच प्रश्नावर. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला मुख्य चिंता कशाची होती? उत्तर एका शब्दाचं, साम्यवादाची. मामा म्हणाले, हे उत्तर अपुरं आहे. मी म्हटलं, मामा, त्यांना एवढंच हवं आहे. मामा म्हणाले, मी सहा वर्षं त्या उत्तरात राहिलोय, जावईबापू, तिथं संध्याकाळी सात वाजता लोक काय करत हे त्यांना माहीत आहे काय? मग त्यांनी मला पाऊण तास ते सांगितलं. समाईक स्वयंपाकघरातल्या चार शेगड्या, बडीशेप घातलेलं बटाट्याचं सूप, आणि संस्थेत त्यांना रशियन शिकवणाऱ्या बाई, ज्यांनी पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या हातानं विणलेले मोजे त्यांना दिले होते. लिदिया पेत्रोव्ना त्यांचं नाव. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही अर्ज भरायला बसलो. घरातल्या सगळ्यांची समजूत अशी होती की मामा इतकी वर्षं थांबले ते त्यातल्या एका प्रश्नामुळं, तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का या. तो प्रश्न आला. मामांनी तिथं ‘नाही’वर फटकन खूण केली. सभेत घोरणारा नागपूरचा पोरगा पक्षाला काहून हवा असेल, असं म्हणाले. पान उलटलं. आणखी एक प्रश्न होता, मी तर तो वाचलाही नसता. राजकीय मतांमुळं तुम्ही कधी कुणाचा छळ केला आहे का, किंवा त्यात भाग घेतला आहे का. तिथं मामांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता उठतील आणि मिक्सर लावतील. ते उठले नाहीत.

त्यांच्या तिसऱ्या वर्षी लिदिया पेत्रोव्नांनी देश सोडून भावाकडे जायची परवानगी मागितली होती. “त्यांनीसुद्धा एक अर्जच भरला होता,” मामा म्हणाले. तिकडे असा अर्ज करणं म्हणजे जाहीर गुन्हा. संस्थेत सभा बोलावली गेली. परदेशी विद्यार्थ्यांच्या वतीनंही कुणी बोललं तर बरं दिसेल, असं वरून ठरलं आणि डीनच्या मदतनिसानं मामांच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला. या देशाचं अन्न खाऊन त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या शिक्षिकेच्या वागण्यानं आम्हा परदेशी मित्रांना दुःख झालं आहे, असा मजकूर. नुसतं वाचायचं, याला काही अर्थ नसतो, असं मदतनीस म्हणाला, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. मामा एकवीस वर्षांचे होते. नाही म्हटलं तर शिष्यवृत्ती जाईल, आणि नागपुरात वडिलांनी तर गल्लीभर पेढे वाटलेले. त्यांनी वाचलं. सगळे हात वर झाले. बाहेर पडताना बाई दारात भेटल्या, आणि तू वाचलंस ते बरं झालं, तुझे उच्चार स्वच्छ आहेत, असं म्हणाल्या. पुढं त्यांचे वर्ग काढून घेतले गेले आणि लायब्ररीत आल्यागेल्याचे कोट सांभाळायच्या खिडकीवर त्यांना बसवलं. तो पूर्ण हिवाळा मामा रोज त्यांच्या हातात कोट देत होते. एकदा परत घेताना पाहिलं तर सैल झालेलं बटण घट्ट शिवलेलं होतं. वसंतात खिडकीवर दुसरीच बाई दिसली. लिदिया पेत्रोव्ना कुठं गेल्या, हे कुणी विचारलं नाही. “मीही विचारलं नाही,” मामा म्हणाले, आणि त्यांनी ‘हो’च्या चौकोनात खूण केली.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात सासूबाईंचा खुबा. मी नेपरव्हिलला ऋताला, मामांच्या मुलीला, फोन लावला. ती इथंच जन्मलेली, वडिलांवर जीव टाकणारी आणि त्यांच्यावर ओरडणारी. “बाबा, प्लीज, जस्ट टिक नो,” ती म्हणाली. “दे डोन्ट मीन धिस. तुमचा सगळा केस खराब होईल. आत्याकडे कसे जाणार मग?” मामांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तेव्हाही सगळ्यांनी मला हेच सांगितलं होतं, बेटा. नुसतं वाचून टाक, याला काही अर्थ नसतो.” त्यांनी वेगळ्या कागदावर घडलेलं सगळं स्वच्छ इंग्रजीत लिहून अर्जाला जोडलं. नागपूरला सासूबाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं की मामांचं येणं कदाचित लांबेल, कदाचित होणारही नाही, आणि का तेही सांगितलं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी म्हणाल्या, त्याला जे लिहायचं ते लिहू द्या, मी कुठं पळून जाते आहे, खुबा मोडलाय माझा.

सात महिन्यांनी डेट्रॉइटला मुलाखत होती. निघताना मामांनी मला आणि मेधाला दारातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. लांब जायचं असलं की निघण्याआधी एक मिनिट गप्प बसायचं, ही तिकडची रीत. एरवी आम्हाला या वेळी हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. आत मामा एकटेच गेले, मी बाहेर वाट पाहत बसलो. अर्ध्या तासानं आले ते हातात कागद घेऊन, पास झाल्याचा. मी त्यांना मिठी मारायला गेलो तर त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्यासारखा. काय झालं ते त्यांनी गाडीत सांगितलं. समोर अधिकारी म्हणून तिशीतली एक मुलगी होती. तिनं जोडलेला कागद पूर्ण वाचला, बाईंचं पुढं काय झालं असं विचारलं, मामांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, सर, या प्रश्नाचा अर्थ असा नाही, कायद्यात हे छळ धरत नाहीत. तिनं लाल पेननं ‘हो’वर काट मारली, ‘नाही’वर खूण केली आणि मामांना शेजारी सही करायला सांगितली. मामा सही करेनात. तिनं पाण्याचा ग्लास पुढं ठेवला आणि थांबली. शेवटी त्यांनी केली.

“चांगली मुलगी होती,” मामा म्हणाले. “पण दोन मिनिटांत मला मोकळं केलं, जावईबापू. ते तिच्या हातात कुठं होतं?”

शपथविधी झाला, छोटा झेंडा मिळाला, नातीनं तो तोंडात घातला. ऋतानं बाईंना शोधायचं मनावर घेतलं. आता ऐंशीच्या असतील, असल्या तर. आजकाल कुणीही सापडतं, असं ती म्हणाली. मामांनी तिला थांबवलं. सापडल्या तर त्यांच्यासमोर काहीतरी घेऊन जावं लागेल, आणि त्या वेळचा कागद आयता मिळाला होता, हा मलाच लिहावा लागेल, असं म्हणाले. आधी लिहून होऊ दे, मग शोध. आणि ते नागपूरला गेले. त्यांचं ॲन आर्बरचं घर आता मी सांभाळतो. अधूनमधून तळघरात जातो तेव्हा त्या साबणांच्या राशींपुढं मला उगीच भरून येतं.

परवा सासूबाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्या आता काठी घेऊन हिंडतात. मामा कुठं आहेत विचारलं तर त्यांनी फोन वळवून दाखवलं. मामा खिडकीजवळ पाठमोरे वही घेऊन बसले होते. चहा झाला की हा रोज असाच बसतो, सासूबाई सांगत होत्या. त्या रशियन लिपीत एक ओळ लिहितो, वाचतो, खोडतो, पान उलटतो. हे काय चाललंय असं त्यांनी अखेर विचारलं, तेव्हा गृहपाठ आहे ताई, द्यायला फार उशीर झालाय, एवढंच म्हणाले.

मग सासूबाईंनी फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज खाली केला. “मी त्याला सांगितलं, मीही तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. उशिरा आणली म्हणून मी कुणाची वही परत केली नाही.”